बापाचें वतन व ख्रिस्ती उदारपणा

(मंडळ्यांकरितां शास्त्रपाठ. वाचावयाचे उतारे : लूक १२ : १३–२१, गणना २७ : १–११, २ करिंथ ८ : १–२१.)



उदारपणाविषयीं पाठ घ्यावयाचा म्हटला म्हणजे आमचे उपदेशक बंधु बहुधा विधवेच्या दोन टोल्यांचा उतारा काढतात, नाहीं तर मलाखीच्या पुस्तकांतील दशमांशाचा. दोन्ही उतारे मोलाचे आहेत. परंतु ते इतक्या वेळां कानांवरून गेले आहेत कीं, ऐकणाऱ्याचा हात खिशांतल्या नाण्याकडे जातो आणि मन मात्र जेथें होतें तेथेंच राहतें. म्हणून ह्या पाठाकरितां आम्हीं निराळा उतारा निवडला आहे. ह्यांत मंदिराची पेटी नाहीं, वर्गणीची थाळी नाहीं. दोन भाऊ आहेत, आणि त्यांच्यामध्यें बापाचें वतन आहे.

लोकसमुदायांतून एका मनुष्यानें प्रभूला विनंती केली कीं, आपल्या भावास समजावून वतनाचा वांटा आपणांस देववावा. ह्या मनुष्याची मागणी खोटी होती असें शास्त्र सांगत नाहीं. कदाचित् भावानें सारें दाबून ठेविलें असेल. तरी प्रभु येशू न्यायाधीश होण्याचें नाकारतो, आणि मग लोभाविषयीं जो इशारा देतो तो एकट्या फिर्यादीला नव्हे, तर तेथें असलेल्या सर्वांस. लोभ हा न देणाऱ्याच्या मनांत असतो तसा मागणाऱ्याच्याही मनांत असूं शकतो. तंटा न्यायाचा असला तरी त्याच्या तळाशीं तो बसलेला असतो, आणि निकाल कोणाच्याही बाजूनें लागला तरी तो तेथून उठत नाहीं.

ह्यानंतर धनवान मनुष्याचा दाखला येतो. वाचतांना ध्यानांत घ्यावें कीं, ह्या मनुष्यानें चोरी केली नाहीं, खोटें माप वापरलें नाहीं, कोणाचा बांध कोरला नाहीं. त्याच्या जमिनीला पीक चांगलें आलें इतकेंच. पण तो बोलतो कोणाशीं? स्वतःशींच. कोठारें माझीं, धान्य माझें, माल माझा, एवढेंच त्याचें बोलणें. बायको नाहीं, भाऊ नाहीं, शेजारी नाहीं, ज्यांनीं ते पीक कापलें ते मजूरही नाहींत. सबंध दाखल्यांत दुसरें माणूस नाहीं. दुसरा बोलणारा येतो तो देवच, आणि तो येतो रात्रीं.

मुळशी तालुक्यांतील मनुष्यास वतन म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. टाटा कंपनीनें ह्या खोऱ्यांत धरण बांधावयास घेतलें तेव्हां सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर संकट आलें, आणि सरकारनें १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस दिला. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते, आणि बापटांस 'सेनापति' हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण थांबलें नाहीं. आंबेमोहोराचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि तें पाणी सह्याद्रीच्या पलीकडे खालीं सोडून भिरा येथें १९२७ सालापासून वीज निघूं लागली. ती मुंबईस गेली.

येथें उपदेशकांनीं सावध असावें. ज्याचें शेत जबरीनें गेलें त्यास उदारपणाचा उपदेश करणें हें शुभवर्तमान नव्हे. उदारपणा हा देणाऱ्याच्या मोकळ्या हातांतून होत असतो. अहाब राजानेंही नाबोथास मळ्याचा मोबदला देऊं केला होता, बदल्यांत त्याहून चांगला मळाही देऊं केला होता (१ राजे २१). तरी नाबोथाचें नाहीं म्हणणें देवाच्या दृष्टीनें पाप ठरलें नाहीं. तें पूर्वजांचें वतन होतें. हें जो विसरतो त्याच्या तोंडीं दानाचा पाठ गरिबांस कडू लागतो, आणि तो कडू लागावा हेंच योग्य आहे.

आज मात्र जमीन निराळ्या वाटेनें जात आहे. हिंजवडी व माण येथें संगणकाच्या कंपन्यांच्या इमारती उठल्या, पिरंगुटाकडे कारखाने आले, डोंगरांच्या कुशींत बंगले झाले. गुंठ्याला भाव आला. जें खाचर सबंध पावसाळाभर कंबर मोडून घेई तेव्हां कोठें वर्षाचे तांदूळ देई, त्याच खाचरावर एका सहीनें इतका पैसा येऊं लागला कीं, तितका त्या घरानें कित्येक पिढ्यांत पाहिला नव्हता. त्या पैशाबरोबर घरांत आणखी काय शिरतें हें २०१८ सालच्या 'मुळशी पॅटर्न' ह्या चित्रपटानें साऱ्या महाराष्ट्रास दाखविलें. (चित्रपटांत रक्तपात फार आहे, मुलांबाळांसह पाहावा अशी शिफारस आम्ही करीत नाहीं. पण विकलेल्या जमिनीचें दुःख त्यांत खरें आहे.) आणि ख्रिस्ती घरें ह्यापासून अलिप्त आहेत असें कोणी समजूं नये. रविवारीं एका सतरंजीवर बसून प्रार्थना करणारे दोन सख्खे भाऊ सोमवारीं तलाठ्याच्या कचेरींत एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलेले आम्हीं पाहिले आहेत.

अब्राहाम व लोट ह्यांच्या गुराख्यांत भांडण झालें तेव्हां वडील कोण होता? अब्राहाम. देवाचें वचन कोणास मिळालें होतें? अब्राहामास. तरी निवड त्यानें पुतण्यास करूं दिली (उत्पत्ति १३). लोटानें डोळे वर करून पाहिलें आणि भरपूर पाण्याची जमीन घेतली. अब्राहामानें कुरकुर केली नाहीं. आमच्याकडे पुष्कळ घरांत जुनी रीत आहे कीं, वांटे थोरल्यानें पाडावे आणि पहिला वांटा धाकट्यानें उचलावा. ही रीत ज्या कोणी घातली त्यास माणसाचें मन चांगलें ठाऊक होतें. थोरला वांटे पाडतांना प्रामाणिक राहतो, आणि धाकट्यास फसवणुकीचा संशय राहत नाहीं. वकिलाकडे जाण्यापूर्वीं निदान एवढें तरी ख्रिस्ती घरांनीं करून पाहावें.

आतां बहिणींकडे येऊं, कारण ह्या बाबतींत आमच्या मंडळ्यांचें मौन फार जुनें आहे. सलाफहादाच्या पांच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, ह्या मोशे, याजक व सर्व सरदार ह्यांच्यासमोर दर्शनमंडपाच्या दाराशीं उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचें नांव कुळांतून कां नाहींसें व्हावें, असें त्यांनीं विचारलें. मोशेनें आपल्या मतानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें गोष्ट परमेश्वरापुढें नेली, आणि परमेश्वरानें मुलींचें म्हणणें रास्त ठरविलें. जो प्रश्न त्या काळीं देवापर्यंत नेण्यासारखा वाटला, तो आमच्या घरांत ओसरीवर पान खातां खातां मिटविला जातो.

कायदा काय म्हणतो हेंही उपदेशकांस ठाऊक असावें. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां मरण पावला आणि त्याच्यामागें विधवा व मुलें असलीं, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणें विधवेस एक तृतीयांश मिळतें, व उरलेलें मुलांत सारखें वांटलें जातें. त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. केरळांत, जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या मुलखांत, ख्रिस्ती मुलींस फार कमी वांटा देण्याचा नियम पुष्कळ वर्षें चालत होता. मेरी रॉय नांवाच्या बाईनें त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथेंही १९२५ चाच कायदा लागू आहे असा निकाल दिला. आमच्या हिंदु शेजाऱ्यांच्या मुलींस वडिलार्जित मिळकतींत मुलाप्रमाणें हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सबंध देशांत २००५ सालीं दुरुस्ती होऊन मिळाला. म्हणजे कायद्यानें आम्ही कित्येक वर्षें पुढें होतों. वागणुकीनें पुढें होतों असें म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.

होतें काय तें सर्वांस ठाऊक आहे. जमिनीचें गिऱ्हाईक ठरलें कीं बहिणीस माहेरीं बोलावणें जातें. जेवण गोड होतें, लुगडें हातांत पडतें, आणि मग हक्कसोडपत्र पुढें येतें. ती सही करते. वाचून करते काय? बहुधा नाहीं. सही केली नाहीं तर आईच्या माघारीं माहेरचें दार बंद होईल, ही भीति तिच्या लेखणीमागें उभी असते. आणि मग भाऊ मंडळींत सांगतो कीं, आमची बहीण मोठ्या मनाची, तिनें सर्व सोडून दिलें.

बहिणीनें आपला वांटा भावास देऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. भाऊ गरीब असेल, आईबापांस त्यानें सांभाळलें असेल, तर तिनें आनंदानें द्यावा. तो फार सुंदर दानधर्म होईल. पण तें दान तेव्हांच, जेव्हां तिला नाहीं म्हणण्याची मोकळीक असेल. हनन्याचें शेत विकण्यापूर्वीं त्याचेंच होतें, विकल्यावर पैसाही त्याच्याच हातीं होता, हें पेत्र त्यास स्पष्ट सांगतो (प्रेषितांचीं कृत्यें ५ : ४). प्रेषितांच्या मंडळींत देखील जुलमाचें दान नको होतें. म्हणून ख्रिस्ती भावानें निदान इतकें करावें: बहिणीस कागद वाचून दाखवावा, जमिनीचा खरा भाव सांगावा, घरीं जाऊन विचार करण्यास तिला महिना दोन महिने द्यावे, आणि ती वांटा घेते म्हणाली तर त्या वर्षींही तिला नाताळांत नेहमीसारखेंच बोलावणें पाठवावें. ह्यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे.

आईबापांविषयीं फार लिहिण्याची गरज नाहीं. प्रभूनेंच तें स्पष्ट केलें आहे. कुर्बान म्हणून धन देवास वाहिलें असें सांगून म्हाताऱ्या आईबापांस उपाशी ठेवणाऱ्यांस त्यानें कसें झिडकारलें, तें मार्क ७ : ९–१३ ह्यांत वाचावें. मंडळीच्या इमारतीस मोठी रक्कम देऊन कोनशिलेवर नांव घालणारा मनुष्य आईच्या औषधाचा खर्च धाकट्या भावावर टाकीत असेल, तर त्याची रक्कम पाळकानें परत करावी असें आमचें मत आहे. हें पुष्कळ पाळकांस आवडणार नाहीं, कारण इमारतीचें छप्पर अर्धें राहिलेलें असतें.

घरांतील उदारपणाची एक बाजू क्वचित् बोलली जाते. ती लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रें' ह्या आपल्या ग्रंथांत उघड केली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षें दूर राहून पुढें त्यांच्याबरोबर आल्या. टिळकांचा हात अत्यंत सैल होता. खिशांत असेल तें द्यावें, दारीं येईल त्यास घरांत घ्यावें, अनाथ मुलास आपलें म्हणावें, हा त्यांचा स्वभाव. शेवटीं १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगारही सोडला, आणि दोन वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, ते वारले. परंतु जो पाहुणा टिळकांनीं घरांत आणला त्याच्या पानांत भात कोणी वाढला? लक्ष्मीबाईंनीं. डब्यांत पीठ आहे कीं नाहीं हें कोण पाहत होतें? त्याच. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस आपण बालकवि म्हणून ओळखतों, हा हिंदु तरुण अहमदनगरास त्यांच्याच घरीं राहिला, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याच्यावर मुलासारखी माया केली. त्याचा धर्म बदलला नाहीं. त्यामुळें त्याच्या ताटांतील वाढप कमी झालें नाहीं.

म्हणून जो नवरा कोणास न विचारतां दान करितो त्यानें आपलें दान आंत चुलीपाशीं कोण फेडतें ह्याचा विचार करावा. मंडळीला काय द्यावयाचें, गरीब नातलगास किती पाठवावयाचें, कोणत्या मुलाची फी आपण भरावयाची, हें नवराबायकोनें एकत्र बसून ठरवावें. मुलांनींही तें ऐकावें. सातारा येथें भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुलांस अन्न नव्हतें तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडावयास दिले, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. तीं मुलें नाना जातींचीं होतीं. हें घर ख्रिस्ती नव्हतें, तरी त्यांचें उदाहरण आम्हांस लाजविणारें आहे, आणि तें मंडळींत सांगण्यास आम्हांस संकोच वाटूं नये.

घरांतून शेताकडे वळूं. पवित्र शास्त्रांत ज्याला सरवा म्हटलें आहे तो आमच्या लोकांस समजावून सांगावा लागत नाहीं. कापणीनंतर राहिलेल्या लोंब्या वेंचून पोट भरणाऱ्या आज्या अजून कोणाकोणाच्या आठवणींत आहेत. मोशेच्या नियमशास्त्रानें शेताच्या कडेचें पीक कापूं नये, पडलेलें उचलूं नये, तें गरिबाचें व परक्याचें असें ठरविलें (लेवीय १९ : ९–१०). बवाज एक पाऊल पुढें गेला. त्यानें गड्यांस सांगितलें कीं, पेंढ्यांतून मुद्दाम कांहीं गळूं द्यावें, आणि रूथेला धमकावूं नये (रूथ २ : १५–१६). त्यानें तिच्या पदरांत धान्य ओतून तिला भिकारी केलें नाहीं. तिच्या कष्टाची शोभा राखून तिला वाढवून दिलें. देण्याची ही कळा शिकण्यासारखी आहे. आणि त्याच अध्यायांत, लेवीय १९ : १३ येथें, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवूं नये अशीही आज्ञा आहे. ज्यानें भात आवणीच्या बायांचे पैसे पंधरा दिवस लांबविले, त्यानें मग त्यांतून नाताळास साड्या वांटल्या, तर त्या साड्या कोणाच्या पैशाच्या?

आमच्या मुलखांत इर्जिक ही जुनी चाल होती. एकाचें काम अडलें कीं शेजारी आपापले बैल व माणसें घेऊन येत, दिवसभर राबत, आणि घरधन्यानें सर्वांस जेवण घालावें. मजुरीचा हिशेब नाहीं. ट्रॅक्टर आल्यापासून ती मागें पडली. ती परत आणतां येईल कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण मंडळींतील विधवेच्या खाचराची चिखलणी अडली असतां ज्याच्याजवळ यंत्र आहे त्यानें एक सकाळ फुकट द्यावी, एवढी इर्जिक आजही होण्यासारखी आहे. त्या सकाळीं भाड्याचें गिऱ्हाईक चुकेल हें खरें.

ज्यांच्या नांवानें सातबाऱ्यावर एक गुंठाही नाहीं ते म्हणतील कीं, हा पाठ आमच्याकरितां नव्हे. मासेदोनियांतील मंडळ्या असें म्हणूं शकल्या असत्या. त्या संकटांत होत्या आणि त्यांचें दारिद्र्य खोल होतें. पौलानें त्यांच्यावर भार घातला नाहीं, त्यांनींच त्याची विनवणी करून वांटा मागून घेतला. आणि पौल करिंथकरांस स्पष्ट सांगतो कीं, दुसऱ्यांस चैन व तुम्हांस ओझें व्हावें हा हेतु नाहीं, समानता व्हावी हा आहे. आपल्याच जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं काय केलें? त्यांचे आईबाप १८७० नंतरच्या दुष्काळांत अन्नावांचून झिजून गेले होते. भूक म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १८९६–९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. मुक्तिसदनांत त्यांनीं त्यांस नुसती भाकरी दिली नाहीं; शेत दिलें, हातमाग दिला, छापखाना दिला. रमाबाई १९२२ सालीं वारल्या. त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर १९२४ सालीं ज्या छापखान्यांतून बाहेर पडलें, त्यांत काम करणारे हात मुक्तीच्या स्त्रियांचे होते.

थोडें थोडें पण नेमानें द्यावें, ही रीत पौलानेंच घालून दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीप्रमाणें बाजूला काढून ठेवावें (१ करिंथ १६ : २). मिझोरमांतील ख्रिस्ती बायका १९१० सालापासून प्रत्येक जेवणाचे तांदूळ मोजतांना एक मूठ निराळ्या भांड्यांत टाकतात. ते तांदूळ गोळा करून विकले जातात, आणि त्यांतून त्यांच्या मंडळ्यांचें पुष्कळ काम चालतें. आमच्या शेजारीं तळेगांवास १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला तो पैसा फंडांतून, म्हणजे माणसामागें एक पैसा गोळा करण्याच्या अंताजी दामोदर काळे ह्यांच्या कल्पनेंतून. मूठ असो कीं पैसा, तो ज्या घरांतून निघतो त्या घरास तो फारसा जाणवत नाहीं, पण लहान मुलाच्या हातानें तो भांड्यांत पडला तर मुलास तो जन्मभर आठवतो.

ह्या पैशाचा हिशेब मात्र चोख असावा. पौल प्रेषित असूनही एकट्यानें रक्कम नेण्यास तयार नव्हता. कोणी दोष लावूं नये म्हणून त्यानें तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला भाऊ घेतला (२ करिंथ ८ : १६–२१). आमच्या मंडळींत पेटी एकानेंच उघडावी आणि वही त्याच्याच घरीं असावी, ही चाल बंद करावी. तिघांनीं मिळून पेटी उघडावी, त्यांत एक बाई असावी, आणि महिन्याचा जमाखर्च शेवटच्या रविवारीं मोठ्यानें वाचून दाखवावा.

उपदेशक बंधूंस सूचना. हा पाठ एका रविवारांत संपवूं नये. पहिल्या रविवारीं लूक व उत्पत्ति हे उतारे घ्यावे. दुसऱ्या रविवारीं सलाफहादाच्या मुली. त्या दिवशीं बायांस बोलूं द्यावें, आणि पुरुषांनीं मध्यें उत्तर देऊं नये. रूथचा दुसरा अध्याय भाताच्या कापणीपूर्वीं, जमल्यास खळ्यावरच, वाचावा. आपल्या मंडळींत ज्या घरीं वांटणीचा तंटा चालूं असेल त्या घराचें नांव उपदेशांत घेऊं नये, खुणेनेंही नाहीं. आठवड्याच्या मध्यें एका संध्याकाळीं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावें, चहा घ्यावा, मुलांची चौकशी करावी. आणि पहिल्या भेटींत वतनाचा विषय आपण होऊन काढूं नये.